विचारपूस

संध्याकाळची विरार फास्ट बोरिवली सोडते आणि लेडीज डब्यातल्या आमच्या कोपऱ्यात पिशव्या उघडू लागतात. दादरला घेतलेली मेथीची जुडी, कुणाची गवार, मोसमात मटार. मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं, जुडीचा बंद सोडायचा आणि पानं खुडायला लागायचं. जुडी एकीची असली तरी हात चौघींचे लागतात. काडी एकीकडे, पान एकीकडे. विरार येईपर्यंत दोन जुड्या सहज होतात आणि घरी गेल्यावर फक्त फोडणी घालायची राहते. कित्येक वर्षं मी या कोपऱ्यात बसते आहे. आयुष्यात मनापासून जे काही बोलले, त्यातलं निम्मं तरी मेथी निवडता निवडता बोलले असेन.

एका संध्याकाळी आमच्यातली एक पंधरा दिवसांनी गाडीत आली. तिची आई गेली होती. दहावं, बारावं, तेरावं उरकून ती कामावर रुजू झाली होती. आम्ही नेहमीसारखी तिला सरकून जागा दिली, तिच्या हातात थोडी मेथी दिली. बोलणं चाललं होतं ते महागाई भत्त्याचं, कुणाच्या मुलीच्या बारावीचं. ती गप्प होती. दहिसर गेलं, मीरा रोड गेलं. मग हातातलं पान तसंच धरून ती म्हणाली, "आई आता कुठं असेल गं?"

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एकदम सगळ्या बोलल्या. एक म्हणाली, आत्मा अमर असतो, तू काळजी करू नकोस. वसई गावातली आमची ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, ती देवाघरी आहे, आपण पुन्हा भेटणार आहोत. नालासोपाऱ्याची, बाबासाहेबांना मानणारी मैत्रीण हलकेच म्हणाली, आमच्यात आत्मा मानत नाहीत. पण माणसानं केलेलं चांगलं मागं राहतं, ते मी मानते. पहिलीला ते पटलं नाही. आवाज थोडा चढला. तेवढ्यात चौथी वैतागून म्हणाली, "पुरे गं तुमची फिलॉसॉफी! ती आधीच रडवेली झालीय."

तेवढ्यात भाईंदरची खाडी आली. गाडी पुलावर चढली की खडखडाटात काही ऐकू येत नाही. दारातल्या बायका निर्माल्याच्या पिशव्या पाण्यात सोडतात, कुणी हात जोडतं, खारा वारा डब्यात भरतो. त्या दिवशी तिचा प्रश्न पुलाच्या त्या आवाजात तसाच राहून गेला. मला मात्र चौथीचं वाक्य सोडेना. पुरे गं तुमची फिलॉसॉफी. घोळक्यात अशी बोलणी काढावीत का? त्यांनी कुणाचं भलं होतं?

आपल्या भाषेनं याचा निकाल कधीच लावून ठेवला आहे, असं वरवर पाहता वाटतं. "तत्त्वज्ञान झाडू नकोस", "प्रवचन देऊ नकोस", "फिलॉसॉफी मारू नकोस" असं आपण सर्रास म्हणतो. तत्त्वज्ञान झाडायचं, प्रवचन द्यायचं, फिलॉसॉफी मारायची. तिन्हींत ऐकणारा आपला बिचारा खाली बसलेला. ही क्रियापदं उगाच आलेली नाहीत, लोकांना चटके बसले म्हणून आली. आमच्या इमारतीच्या बैठकीत मी स्वतः तो चटका सोसला आहे. पाण्याचा पंप जळाला होता, चौथ्या मजल्यावरच्या बायका तीन दिवस हंडे वाहत होत्या आणि खर्च कोणी करायचा यावर बैठक बसली होती. तिथं एक सद्गृहस्थ उठले आणि शरीर कसं नश्वर आहे, सुखदुःख मनाचे खेळ कसे आहेत, यावर बराच वेळ बोलले. बोलले ते खोटं नव्हतं. पण समोर जी बाई कमरेवर हात ठेवून बसली होती, तिच्या दुखण्याला त्यांनी मनाचा खेळ म्हटलं होतं. तिला ते लागलं आणि मलाही लागलं. तत्त्वज्ञान दुसऱ्याच्या दुःखावरून उडी मारून पलीकडे गेलं की निर्दय होतं. बुद्धानं बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला आहे तो याचसाठी. बाण कोणी मारला, त्याची जात कुठली, धनुष्य कशाचं, याची उत्तरं मिळेतो मी बाण काढू देणार नाही, असं कुणी म्हणत बसला तर तो तसाच मरून जाईल. आधी बाण काढायचा असतो, आधी पंप दुरुस्त करायचा असतो. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही निकाल एवढ्यावर लावायला माझं मन तयार होत नाही. त्याला कारण आमची ही माती आहे.

आमच्या गाडीत नालासोपाऱ्याला जी झुंबड उडते, तिच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की स्टेशनच्या पश्चिमेला, रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर, एक जुना स्तूप आहे. लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरलं, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली, तिच्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. पुढं १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, शूर्पारक नावाच्या या बंदरात, गलबतं भरणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांसमोर राजाची वाक्यं दगडात उभी होती.

आठवा लेख काय सांगतो? सोपाऱ्याचा दगड तुटका आहे, पण गिरनारला आणि इतर ठिकाणी तो मजकूर पूर्ण वाचायला मिळतो. पूर्वीचे राजे मौजेच्या सफरींवर निघत, शिकार करत. मी ते सोडून धर्मयात्रेला निघालो, असं अशोक म्हणतो. या यात्रेत काय घडतं त्याची तो यादी देतो: श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, दानधर्म, खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट, त्यांना धर्माचा उपदेश आणि त्यांच्याशी धर्माविषयी परिपुच्छा. हा शेवटचा शब्द वाचला तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. उपदेश करण्यावर राजाचं भागत नाही. त्याच्या जोडीला परिपुच्छा लागते, म्हणजे विचारणं, सगळ्या बाजूंनी विचारणं. आणि तेही कुठल्या पंडितसभेत नव्हे, जानपद जनांत, म्हणजे आज आपण ज्यांना साधी माणसं म्हणतो त्यांच्यात.

ही पुच्छा आपल्या मराठीत अजून जिवंत आहे. तिचंच आपलं 'पुसणं' झालं. "त्याला कोण पुसतंय?" असं आपण म्हणतो, तेव्हा त्याची कुणाला पर्वा नाही असं म्हणायचं असतं. 'विचारपूस' हा शब्द तर आपण रोज वापरतो आणि त्यात काय साठलं आहे ते आपल्या लक्षातही येत नाही. विचार आणि पूस. मराठीत 'विचार' म्हणजे मनातलं चिंतन आणि 'विचारणं' म्हणजे प्रश्न करणं. एकाच मुळाची दोन पानं. त्यांना पूस येऊन मिळाली की शब्द होतो विचारपूस, आणि त्याचा अर्थ होतो माणसाची मायेनं केलेली चौकशी. आजारी माणसाकडे आपण विचारपूस करायला जातो. चिंतन, प्रश्न आणि माया या तिन्ही गोष्टी या भाषेनं एका शब्दात बांधून ठेवल्या आहेत. घोळक्यातलं तत्त्वज्ञान कसं असावं, याचं याहून नेमकं उत्तर मला अजून कुठं मिळालेलं नाही.

याच सोपाऱ्याचा आणखी एक माणूस बौद्ध ग्रंथांत भेटतो. त्याचं नाव बाहिय. समुद्रकाठी राहायचा, झाडाच्या सालीची वस्त्रं नेसायचा, लोक त्याला मोठा साधू मानून अन्न-वस्त्र आणून द्यायचे. एके दिवशी त्याच्या मनात आलं, मी खरंच पोचलेला आहे का? एका देवतेनं त्याला सांगितलं, नाहीस, आणि तिकडे जायची वाटही तुला ठाऊक नाही. तो तसाच उठला आणि श्रावस्तीकडे निघाला. आजच्या नकाशावर हे अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे. तिथं बुद्ध भिक्षेला निघाले होते. बाहियनं वाटेतच त्यांना गाठलं आणि म्हणाला, मला सांगा. बुद्ध म्हणाले, ही वेळ नव्हे. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, तुमचं आयुष्य किती, माझं किती, कुणास ठाऊक, आत्ताच सांगा. मग बुद्धांनी रस्त्यात उभ्याउभ्या फार थोडक्यात सांगितलं. जे पाहिलंस ते नुसतं पाहिलेलं असू दे, जे ऐकलंस ते नुसतं ऐकलेलं, त्यात 'मी' घालू नकोस, असा त्याचा आशय. तेवढ्यानं त्याचं काम झालं. पुढं थोड्याच वेळात वासराजवळच्या एका गायीनं शिंग मारलं आणि तो गेला.

या गोष्टीत बुद्ध दोनदा नाही म्हणतात, ते मला मोठं वाटतं. वेळ-काळ त्यांनाही कळत होता. भिक्षेची वेळ ही भिक्षेची असते, जशी पंपाच्या बैठकीची वेळ पंपाची असते. पण तिसऱ्यांदा त्यांना दिसलं की या माणसाचा प्रश्न उसना नाही. तो पायांनी एवढी वाट तुडवून आणलेला आहे. मग वेळेचा नियम त्यांनी बाजूला ठेवला. उत्तर मात्र लांबवलं नाही. रस्त्यात उभ्या माणसाला पेलेल एवढंच दिलं.

ही गोष्ट वाचल्यापासून मी कुठल्याही बैठकीत असं बोलणं निघालं की मनात एकच पाहते. हा प्रश्न कुणाचा आहे? बोलणाऱ्याच्या अंगावर तो आलेला आहे, की त्यानं तो फक्त खांद्यावर शालीसारखा घेतला आहे?

याचा पडताळा मला आमच्याच भागातल्या एका बावखलाच्या काठी मिळाला. वसईच्या वाड्यांत पूर्वी जागोजागी बावखलं असत. मोठी, उथळ काठांची, गोड्या पाण्याची तळी. पावसात ती भरत, जमिनीत झिरपत, भोवतालच्या विहिरींना पाणी देत आणि समुद्राचं खारं पाणी आत येऊ देत नसत. या पाण्यावर रहाट चालत आणि केळी, पानवेली, भाजी, मोगरा, सोनचाफा वाढत. मुंबईच्या बाजारात गेलेली वसईची फुलं आणि केळी या पाण्यानं वाढवलेली असत. आता किती बावखलं बुजली ते बघायला फार लांब जावं लागत नाही.

आमच्या आळीतलं असंच एक बावखल अर्धं गाळानं भरलं होतं. डास होत, कचरा पडे. भराव घालून तिथं गाड्या लावायची सोय करावी, असा ठराव आला. बैठकीला चाळीसेक माणसं होती. मोजमाप झालं, भरावाच्या खर्चाचा अंदाज झाला, जागा कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर पाहिलं, मालक तयार होता. हात वर करायचे तेवढे राहिले होते. तेवढ्यात मागं बसलेले एक म्हातारे शेतकरी उभे राहिले. ते कादोडीत, म्हणजे इकडच्या बोलीत, बोलतात. मी माझ्या मराठीत सांगते. ते म्हणाले, "जागा सातबाऱ्यावर आहे, मान्य. पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर आहे?"

कुणीतरी म्हणालं, बाबा, हे तत्त्वज्ञान नंतर, आधी ठराव होऊ दे. म्हाताऱ्यांनी आवाज चढवला नाही. आपल्या दोन हातांनी हवेत त्यांनी रहाटाची माळ दाखवली, पोहरे खाली जातात, भरून वर येतात, रिकामे होऊन पुन्हा खाली जातात. म्हणाले, हे पाणी खालून सगळीकडे जातं. माझ्या विहिरीत येतं, तुझ्या बोअरला येतं, त्या इमारतीच्या टँकरवाल्यालाही तेच मिळतं. एकाच्या जागेतून निघालेलं पाणी एकाचं कसं? ते खाली बसले. त्यानंतर जी चर्चा झाली, तशी मी आयुष्यात थोडीच ऐकली आहे. मालकी म्हणजे काय? वाडवडिलांनी खणलं ते त्यांच्या नातवाला विकता येतं का? जो अजून जन्मला नाही त्याचा यात वाटा किती? कॉलेजातली मुलं बोलली, भाड्यानं राहणारी बाई बोलली, मालकही बोलला. त्या दिवशी ठराव झाला नाही. पुढच्या महिन्यात आम्ही गाळ काढला.

ज्याला नंतरचं म्हणून बाजूला सारत होते, तोच सगळ्यांत आधीचा प्रश्न होता, हे त्या संध्याकाळी मला डोळ्यांनी दिसलं. आमच्या वसईला हे नवीन नाही. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरचे लोक झाडं, विहिरी, शेतजमिनी यांसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या सभांच्या मुळाशीही एक प्रश्न होता: विकास म्हणजे काय आणि तो कुणाचा? ज्याला कुणी पुस्तकी म्हणेल अशा त्या प्रश्नासाठी साधी शेतकरी माणसं रस्त्यावर आली. तेच फादर २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू, लेखक आणि पाण्यासाठी भांडणारा कार्यकर्ता एकाच माणसात नांदले.

तत्त्वज्ञान माणसाला कामातून उठवतं म्हणणाऱ्यांना मी साने गुरुजींची आठवण करून देते. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते तत्त्वज्ञान शिकायला आले होते. त्याच गावात १९२४ साली ते शाळेत शिक्षक झाले, मुलांच्या वसतिगृहात रमले. आणि १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य दाराशी आलेलं असताना, पंढरपूरच्या विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं. मंदिर उघडलं. देव कुणाचा, हा प्रश्न आहे आणि पाणी कुणाचं, हाही त्याच घरातला प्रश्न आहे. हे प्रश्न विचारायचेच नाहीत असं ठरवलं असतं तर दारं आपोआप उघडली नसती.

अशा बोलण्याला रीत मात्र हवी आणि ती आपल्याकडे आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात कीर्तनकार तत्त्व मांडतो आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाचं आख्यान लावतो. नुसता पूर्वरंग करून बुवा उठून गेले असं होत नाही. तत्त्व माणसाच्या गोष्टीत उतरेपर्यंत कीर्तन पुरं होत नाही. घोळक्यात बोलणाऱ्यानं एवढं जरी पाळलं, आपल्या म्हणण्याला एक तरी खरी गोष्ट जोडली, तरी निम्मं झाडणं कमी होईल.

दुसरी रीत आमच्या वसईतल्या निर्मळच्या वाटेवर आठवते. कार्तिकातल्या वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते. तळ्याकाठी एका शंकराचार्यांची समाधी आहे, बाहेर राजेळी केळ्यांची सुकेळी विकायला असते. दर्शनाला उभी असले की मला आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्रांच्या वादाची आख्यायिका आठवते. न्यायाधीश होत्या मंडनमिश्रांच्या पत्नी उभयभारती. त्यांनी दोघांच्या गळ्यांत फुलांच्या माळा घातल्या आणि सांगितलं, ज्याची माळ सुकेल तो हरला. मंडनमिश्रांची सुकली. माळ का सुकते, हे वसईच्या फुलवाल्या बायकांना विचारावं. ऊब लागली की मोगरा मान टाकतो. रागानं अंग तापलं की गळ्यातली फुलं आधी सांगतात. ज्या घरात फुलांची माळ रोज ओवली जाते त्या घरांनी तरी हा निकष विसरू नये: बोलता बोलता आपल्या गळ्यातलं फूल अजून ताजं आहे ना?

त्या संध्याकाळी पूल संपला. नायगाव आलं. डब्यात पुन्हा ऐकू येऊ लागलं, पण कुणाला बोलायचा धीर होईना. मग आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकूंनी मेथीची काडी खाली ठेवली आणि तिला विचारलं, "तुझी आई मेथी कशी करायची गं?"

ती आधी रडली. मग सांगू लागली. आई मेथीत मूगडाळ घालायची, लसूण ठेचून घालायची, कधी चिरायची नाही. पानं खुडताना देठ फार टाकू द्यायची नाही, म्हणायची, तेही झाडानं कष्टानं वाढवलंय. ती सांगत राहिली आणि वसई आलं, नालासोपारा आलं. आत्म्यावर भांडलेल्या तिघीही ऐकत होत्या.

मला तेव्हा वाटलं होतं, काकूंचा प्रश्न खरा होता आणि आमची फिलॉसॉफी फुकट गेली. पण बऱ्याच महिन्यांनी ती स्वतःच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही तिघी हमरीतुमरीवर आलात ना, मला बरं वाटलं होतं. घरी मी हे विचारलं की सगळे विषय बदलायचे. तुम्ही माझा प्रश्न खरा मानलात." काकूंनी तिला विचारलं म्हणून ती बोलली. पण त्याआधी तिघींनी विचार केला म्हणून तिचा प्रश्न खरा ठरला. विचारपूस या शब्दातलं एकही अक्षर काढता येत नाही.

तेव्हा तुमच्या गाडीत, तुमच्या पारावर, तुमच्या सोसायटीच्या बैठकीत कुणी असा प्रश्न काढला, मेल्यावर माणूस कुठं जातो, पाणी कुणाचं असतं, आपण हे सगळं कशासाठी करतो, तर त्याला "तत्त्वज्ञान नको" म्हणून गप्प करू नका. लगेच उत्तरही देऊ नका. तो प्रश्न त्याच्यापर्यंत कुठून आला, एवढं आधी त्याला विचारा. आणि मग सावकाश, सगळे मिळून बोला.